बास्केटबॉल : इथला आणि तिथला

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. यातल्या कुठल्याही उपनगरात जरा मोठं मैदान असलेल्या शाळेत डोकावून पाहा. एका टोकाला लोखंडी खांब, त्यावर रंग उडालेला फळा आणि फळ्याला किंचित वाकलेली रिंग दिसेल. जाळी बहुधा नसतेच. म्हणजे खेळ आहे, साधन आहे, पोरंही आहेत. आणि तरीही भारताच्या बास्केटबॉल संघाचा कर्णधार कोण, असं त्याच शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पालकांना विचारलंत, तर एकाच्याही तोंडून नाव निघायचं नाही. मी उपनगरातल्या शाळांमधून तीसेक वर्षं पीटी शिकवली, त्यातली बरीचशी या रिंगखाली उभं राहून. त्यामुळे या खेळाविषयी बोलताना माझा थोडा पक्षपात होणार, हे आधीच सांगून टाकतो.

हा खेळ आपल्याकडे आला कसा? १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने तो शोधून काढला. हिवाळ्यात बर्फामुळे पोरांना बाहेर सोडता येत नव्हतं, म्हणून त्याने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या. ती दहा फुटांची उंची आजही तशीच आहे. नेस्मिथ ज्या संस्थेत शिकवत होता ती वायएमसीएची, आणि वायएमसीए जगात जिथे जिथे गेली तिथे तिथे हा खेळ गेला. मद्रासला १९२० साली या संस्थेने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं, तिथून शिकून गेलेले शिक्षक देशभर पसरले. १९३४ साली दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० साली भारतीय महासंघ स्थापन झाला.

मुंबईत मात्र हा खेळ खऱ्या अर्थाने रुजला तो नागपाड्यात. आणि गंमत अशी, की त्यामागे ‘मराठी’ हे नाव आहे. अमेरिकन मराठी मिशन या संस्थेने १९२०च्या दशकात नागपाड्यात ‘नेबरहूड हाउस’ सुरू केलं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिथले संचालक. याच घरात १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली, तीच पुढे देवनारला गेली आणि आपण तिला ‘टिस’ म्हणतो. नागपाड्यातल्या गल्लीबोळांतल्या पोरांना इथे आणि शेजारच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर बास्केटबॉल मिळाला. क्रिकेटला मैदान लागतं, तिथे ते नव्हतं. बास्केटबॉलला अठ्ठावीस मीटर बाय पंधरा मीटर एवढी जागा पुरते, आणि निम्म्या कोर्टावरही झकास डाव रंगतो. भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. एका वस्तीने इतके खेळाडू दिल्याचं उदाहरण आपल्याकडे कबड्डीत सापडेल, बास्केटबॉलमध्ये हे एकच.

उपनगरात हा खेळ वेगळ्या वाटेने आला. आधी मिशनऱ्यांच्या शाळांमधून आणि चर्चच्या आवारांमधून, मग त्यांचं पाहून इतर शाळांमधून. एक खांब रोवला की ‘आमच्याकडे बास्केटबॉल आहे’ असं माहितीपत्रकात छापता येतं, हेही एक कारण होतं, नाही म्हणू नये.

आता याच उपनगरातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मले, जुहूला वाढले आणि सोळाव्या वर्षी शिकायला अमेरिकेत एमआयटीला गेले. पुढे ‘टिब्को’ नावाची सॉफ्टवेअर कंपनी काढून त्यांनी नाव आणि पैसा मिळवला. बास्केटबॉलशी त्यांचा संबंध आला तो मुलीमुळे. मुलगी शाळकरी मुलींच्या एका संघात खेळायची, त्या संघाचं प्रशिक्षण यांच्या गळ्यात पडलं. या गृहस्थाला क्रिकेट आणि फुटबॉल ठाऊक, बास्केटबॉल जन्मात खेळलेला नाही. सामने पाहून त्यांना एक प्रश्न पडला, जो जन्मभर बास्केटबॉल खेळलेल्यांना पडला नव्हता. एका संघाने बास्केट केली, की तो संघ मागे धावत आपल्या रिंगखाली जाऊन उभा राहतो आणि समोरच्यांना चेंडू घेऊन आरामात निम्मं कोर्ट चालून येऊ देतो. असं का? कोर्ट चौऱ्याण्णव फूट लांब, आणि राखायचे फक्त शेवटचे चोवीस?

नियम असा आहे, की बास्केट झाल्यावर समोरच्या संघाला पाच सेकंदांत चेंडू रेषेबाहेरून आत टाकावा लागतो, आणि ठरावीक सेकंदांत मध्यरेषा ओलांडावी लागते. त्या स्पर्धेत ती मुदत दहा सेकंदांची होती. रणदिव्यांनी आपल्या मुलींना सांगितलं, मागे धावायचंच नाही. चेंडू आत टाकणाऱ्या पोरीच्या नाकासमोर हात नाचवत उभं राहायचं. पाच सेकंद निघून जातात, चेंडू आपल्याला मिळतो, आणि रिंग तर तिथेच डोक्यावर असते. उंचीने बेताच्या, नेमबाजीत बेताच्या या मुली जिंकत जिंकत राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचल्या. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक चिडले, हा काय बास्केटबॉल झाला, म्हणाले. माल्कम ग्लॅडवेल या लेखकाने २००९ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात यावर मोठा लेख लिहिला आणि ती गोष्ट जगभर गेली. मी तो लेख वाचल्यावर माझ्या मुलींच्या संघाला ही युक्ती शिकवली होती. दोन सामने छान चालली. तिसऱ्यात पोरींना धाप लागली. अख्ख्या कोर्टावर दाब द्यायचा तर दम लागतो, आणि दम यायला रोजचा सराव लागतो. त्या ‘रोजच्या’ शब्दावर मला पुढे यायचंच आहे.

रणदिवे मुलींच्या संघावर थांबले नाहीत. आधी ‘गोल्डन स्टेट वॉरियर्स’मध्ये ते भागीदार झाले आणि २०१३ साली त्यांनी ‘सॅक्रामेंटो किंग्ज’ हा एनबीएतला संघ भागीदारांसह विकत घेतला. संघाची किंमत धरली गेली ५३ कोटी ४० लाख डॉलर, त्या वेळेपर्यंतची एनबीएतली सर्वांत मोठी. एनबीएच्या संघाचे बहुमतातले मालक झालेले ते पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ. याच संघाने एप्रिल २०१५ मध्ये सिम भुल्लर याला मैदानात उतरवलं. टोरांटोच्या पंजाबी घरातला हा साडेसात फुटांच्या आसपासचा जवान, एनबीएत खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू. तीन सामन्यांत तो काही मिनिटंच खेळला, पण खेळला. त्याच वर्षी पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला ‘डॅलस मॅव्हेरिक्स’ने बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या वार्षिक निवडीत नाव पुकारलं गेलेला तो पहिला भारतीय. प्रत्यक्ष एनबीएचा सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये तर एनबीएच मुंबईत आली. वरळीच्या डोममध्ये ‘किंग्ज’ आणि ‘इंडियाना पेसर्स’ यांचे दोन सामने झाले. पहिल्या सामन्याला मुख्यतः शाळकरी मुलं बोलावली होती, तीन हजारांच्या आसपास. सामना जादा वेळेत गेला आणि ‘पेसर्स’नी तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. दुसराही त्यांनीच जिंकला. जुहूच्या माणसाचा संघ आपल्या गावात येऊन दोन्ही सामने हरला, पण पोरांना त्याचं काही वाटलं नाही. उपनगरातून बसने गेलेल्या पोरांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं ते एवढंच, की तिथली जमीन लाकडाची आहे आणि बूट घासले की ‘कुईं’ असा आवाज येतो.

मालक आपला, खेळाडू आपल्या रक्ताचा, सामना आपल्या शहरात. मग भारताच्या संघाला याचा काय उपयोग झाला? हा प्रश्न मला माझ्या घरातूनच विचारला गेला.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिथे घरोघर गॅरेजच्या दारावर रिंग असते, जशी आपल्याकडे दारावर तोरण. तिचा मुलगा या रिंगखाली वाढला. उंच आहे, शाळेच्या संघात आहे, उन्हाळ्यात पैसे भरून शिबिरांना जातो. पंधराव्या वर्षी त्याने मला फोनवर विचारलं, ‘‘आजोबा, मी इंडियाच्या टीमकडून खेळू शकतो का? अमेरिकेच्या टीममध्ये तर मी कधीच येणार नाही, पण इंडियाच्या येऊ शकेन ना?’’ प्रश्न अगदी व्यवहारी होता. मी म्हटलं, ‘‘चौकशी करून सांगतो.’’ ती चौकशी करता करता मी पार आर्मेनियापर्यंत जाऊन पोचलो.

आर्मेनिया आपल्याला अगदीच परका नाही. फोर्टमध्ये पूर्वीच्या मेडोज स्ट्रीटवर आर्मेनियन लोकांचं जुनं चर्च आहे, १७९६ सालचं. व्यापारासाठी आलेले हे लोक एके काळी मुंबईत होते. आज आर्मेनिया देशात जेमतेम तीस लाख माणसं राहतात आणि त्याच्या दुपटीहून अधिक आर्मेनियन देशाबाहेर आहेत. १९१५च्या नरसंहारातून वाचलेले लेबनॉन, सीरिया, फ्रान्स, अमेरिका असे विखुरले. जिथे गेले तिथे त्यांनी आधी चर्च बांधलं, मग शाळा, आणि मग क्रीडासंघ. ‘होमेनेत्मेन’ ही त्यांची क्रीडासंस्था १९१८ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये निघाली, आणि बैरुतपासून लॉस एंजेलिसपर्यंत तिच्या शाखा आहेत. बैरुतच्या ‘होमेनेत्मेन’ने २०१८ साली लेबनॉनची बास्केटबॉल लीग जिंकली. म्हणजे आर्मेनियन नावाचा संघ लेबनॉनचा विजेता होतो, लॉस एंजेलिसच्या आर्मेनियन शाळांतली पोरं खेळात तरबेज, आणि मायदेशातली लीग मात्र लहानशी. घरच्यापेक्षा बाहेरचा खेळ मोठा!

या देशाने काय केलं? २००५ साली राज्यघटना बदलून दुहेरी नागरिकत्वाची वाट मोकळी केली आणि पुढे तसा कायदा केला. लॉस एंजेलिसचा आर्मेनियन तरुण अमेरिकेचा पासपोर्ट न सोडता आर्मेनियाचा घेऊ शकतो आणि येरेवानच्या संघाचा शर्ट चढवू शकतो. २०१६ साली आर्मेनियाने युरोपातल्या छोट्या देशांची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली.

पण इथे आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे फिबाचा, एक नियम आडवा येतो आणि तो फार महत्त्वाचा आहे. वयाची सोळा वर्षं पूर्ण झाल्यानंतर ज्याने देशाचा पासपोर्ट मिळवला, असा एकच खेळाडू एका संघात चालतो. आई-वडील त्या देशाचे असोत, आजी असो, रक्त शंभर टक्के असो. सोळाच्या आत कागद हातात असेल तर तो घरचा, सोळानंतर असेल तर बाहेरचा. फिलिपाइन्सचं उदाहरण घ्या. जॉर्डन क्लार्कसन हा एनबीएतला नावाजलेला खेळाडू आईकडून फिलिपिनो. पण फिबाच्या हिशेबात तो सोळानंतरचा ठरला, त्यामुळे २०२३च्या विश्वचषकात तो संघातली ती एकुलती एक ‘बाहेरची’ जागा अडवूनच खेळला. म्हणून आता शहाणे देश काय करतात, तर परदेशातल्या आपल्या घरांना मूल लहान असतानाच कागद करून ठेवा म्हणून सांगतात.

आणि आपण? आपल्या राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. परदेशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. २००५ पासून जे ‘ओसीआय’ कार्ड मिळतं, त्यावर येण्या-राहण्याची मोकळीक असते, पण ते नागरिकत्व नव्हे. तरीही पूर्वी काही खेळांत भारतीय वंशाचे परदेशी नागरिक आपल्याकडून खेळत असत. टेनिसमध्ये विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश अमेरिकेचा नागरिक असूनही डेव्हिस चषकात भारताकडून खेळला. डिसेंबर २००८ मध्ये केंद्र सरकारने हे दार बंद केलं. भारतीय पासपोर्ट असेल त्यानेच भारताकडून खेळायचं. २०१० साली एका स्क्वॉशपटूच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानेही सरकारचीच बाजू उचलून धरली.

म्हणजे माझ्या नातवाने काय करायचं? ओसीआय कार्ड पाच वर्षं झालेलं असावं, अर्जाआधी वर्षभर भारतात राहावं, मग नागरिकत्वाचा अर्ज करावा आणि अमेरिकेचा पासपोर्ट सोडून द्यावा. हे सगळं सोळाव्या वाढदिवसाच्या आत होणं शक्यच नाही. एवढं करून तो फिबाच्या लेखी ‘बाहेरचा’च, आणि त्या एका जागेवर एखादा देश साडेसहा फुटी व्यावसायिक अमेरिकन खेळाडू आणून बसवतो. फुटबॉलमध्ये काहींनी हे धाडस केलं आहे. इझुमी अराता याने जपानचा पासपोर्ट सोडला आणि २०१३ साली तो भारताकडून खेळला. २०२५ साली रायन विल्यम्स या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या खेळाडूने भारतीय पासपोर्ट घेतला. त्याची आई जन्माने मुंबईची. पण हे दोघेही आधीच भारतातल्या क्लबांमध्ये खेळून पोट भरत होते, हे विसरू नका. त्यांना इथे व्यावसायिक लीग होती. बास्केटबॉलपटूने पासपोर्ट सोडून यायचं ते कशावर?

नियम बदलावा का? मला विचाराल तर बदलावा. ज्या मुलाला आपलं नाव पाठीवर घालून खेळायचं आहे, त्याला कागदासाठी ताटकळत ठेवण्यात देशाचा कसला अभिमान राखला जातो, मला कळत नाही. भारताचा प्रशिक्षक अमेरिकन चालतो. जुलै २०१४ मध्ये चीनच्या वुहानमध्ये आशिया चषकात भारताने चीनला ६५-५८ असं हरवलं, तेव्हा प्रशिक्षक होते स्कॉट फ्लेमिंग. मग ज्याच्या घरात आजही गणपती बसतो, तो खेळाडू का चालू नये? उलट भारतीय वंशाचे रॉय राणा हे कॅनडाचे प्रशिक्षक, त्यांनी २०१७ साली कॅनडाच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाला जगज्जेता केलं. बाहेर माणसं आहेत, ती दुसऱ्यांना वापरता येतात.

पण या एका नियमावर सगळं खापर फोडायलाही मी तयार नाही. दार उघडलं, आणि न्यू जर्सीतून दहा पोरं आली, तरी ती इथे येऊन खेळणार कुठे? आता मघाच्या ‘रोजच्या’ सरावाकडे येतो.

हा खेळ लाकडी जमिनीवर, छपराखाली खेळायचा. आपली उपनगरातली पोरं तो सिमेंटवर शिकतात. जून ते सप्टेंबर पाऊस, कोर्टावर शेवाळ. पाऊस संपतो न संपतो तोच नवरात्र. घाटकोपर-बोरिवलीचा गरबा तुम्हाला ठाऊकच आहे. मंडपाचे खांब कुठेतरी रोवावे लागतात! मी ज्या एका शाळेत शिकवायचो तिथे कोर्टाला वर्षातून एकदा अशी भोकं पडायची आणि दिवाळीनंतर ती सिमेंटने बुजवली जायची. चेंडू त्या गिलाव्यावर पडला की भलतीकडेच उडे. मग लग्नसराई. पुढे रविवारी तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या. हिशेब करून पाहिला, तर पोरांना वर्षाला धड पाच महिनेही कोर्ट मिळत नसे. आणि सिमेंटवर उड्या मारून सतराव्या वर्षी गुडघे बोलायला लागतात ते वेगळंच. मराठी मुलं बुटकी म्हणून आपण मागे पडतो, असं अनेकजण ठामपणे सांगतात. फिलिपिनो काय ताडमाड असतात? त्यांच्याकडे १९७५ पासून व्यावसायिक लीग आहे आणि २०२३च्या विश्वचषकात त्यांच्या पहिल्या सामन्याला ३८ हजारांवर प्रेक्षक होते. उंचीची सबब मला पटत नाही.

दुसरी गोष्ट नोकरीची. आपल्याकडे बास्केटबॉलपटूचं शेवटचं स्टेशन म्हणजे ‘स्पोर्ट्स कोटा’. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, बँका, आयकर. राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं याच संघांची नावं दिसतात, महिलांमध्ये तर रेल्वेच. याला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. माझी एक विद्यार्थिनी, मुलुंडची, वडील गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेले. पाच फूट अकरा इंच उंची, डाव्या हाताने सुरेख ले-अप घ्यायची. एकोणिसाव्या वर्षी तिला रेल्वेत नोकरी लागली आणि घरातल्या चौघांचं आयुष्य बदललं. खेळाने तिला जेवढं दिलं तेवढं कुठल्याही पदवीने दिलं नसतं. पण नोकरी लागली की बढतीची परीक्षा, रजा, बदली. खेळ हे नोकरीचं कारण राहतं, नोकरी खेळाचं कारण राहत नाही. खासगी लीगचे प्रयत्न झाले, नाही असं नाही. २०१५ ते २०१७ ‘युनायटेड बास्केटबॉल अलायन्स’ चालली, त्यात मुंबईचा संघ होता, आणि ती बंद पडली. २०२२ साली ‘इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग’ निघाली, त्यातही मुंबईचा संघ होता. पण लीग अधूनमधून भरून भागत नाही. घरमालक दरमहा भाडं मागतो.

एनबीएने २०१७ साली दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला अकादमी काढली. तिथे शिकलेला प्रिन्सपाल सिंग २०२१ साली एनबीएच्या उन्हाळी लीगमध्ये विजेत्या संघात होता, आणि तो संघ कोणता, तर रणदिव्यांचा ‘सॅक्रामेंटो किंग्ज’. त्याआधी लुधियानाच्या अकादमीने सतनामला घडवलं होतं. दोन्ही ठिकाणी रहस्य एकच, वसतिगृह आणि वर्षभर मिळणारं कोर्ट. दिवसाला दोन वेळा सराव, बारा महिने. मुंबईत अशी जागा निघाली नाही.

इतकं असूनही अधूनमधून आपले संघ आश्चर्याचा धक्का देतात. २०१७ साली बेंगळुरूत महिलांनी आशिया चषकाचा ‘ब’ गट जिंकला, अंतिम सामन्यात कझाकस्तानला दोन गुणांनी हरवून. त्या पिढीतली पुण्याची शिरीन लिमये माझ्या विद्यार्थिनींची देवता होती, कारण ती टीव्हीवर दिसली म्हणून नव्हे (बास्केटबॉल आपल्याकडे टीव्हीवर दिसतो कुठे?), तर तिचं नाव आपल्यासारखं होतं म्हणून. पुरुषांनी २०२५च्या आशिया चषकासाठी पात्रता मिळवली. जेद्दाला पहिल्याच सामन्यात जॉर्डनला जादा वेळेपर्यंत झुंजवलं, आणि मग तिन्ही सामने हरून परत आले. १९८० साली मॉस्को ऑलिंपिकमध्ये आपला संघ होता, पण तो बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे, आणि तिथे आपण बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिलो. पुन्हा ऑलिंपिक गाठता आलेलं नाही.

नातवाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. पासपोर्टचं ऐकून तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘मग मी सुट्टीत येऊन तुमच्या मुलांबरोबर खेळू का?’’ तो आला, दोन आठवडे खेळला. तांत्रिक सफाईत तो आमच्या पोरांच्या फार पुढे होता. चेंडू कसा धरावा, पाय कसा वळवावा, मोकळी जागा कशी हेरावी, हे त्याला लहानपणापासून कुणीतरी रोज शिकवलेलं होतं. आमची पोरं मात्र त्याच्या अंगावर जाऊन चेंडू काढून घ्यायची, पडली तरी उठायची. सिमेंटवर त्याचे महागडे बूट दहा दिवसांत गेले.

त्या सरावाला माझी ती रेल्वेतली विद्यार्थिनीही यायची. दिवसा ती लोकलमध्ये तिकिटं तपासते. दर रविवारी सकाळी साडेसहाला ती शाळेच्या कोर्टावर पंचवीसएक मुलींना शिकवते, फुकट. खिशात खडू ठेवते, पुसल्या गेलेल्या रेषा आधी स्वतः आखून घेते. शाळेशी तिचं ठरलेलं आहे, की साडेआठच्या आत कोर्ट रिकामं करायचं. त्यानंतर गाड्या यायला लागतात.